खाडीला सोडलेले अठरा गुंठे

बांधासाठीच्या निधीच्या अर्जाच्या दुसऱ्या पानावर एक रकाना होता : ‘गेल्या ३० वर्षांत गावाच्या परिसरात समुद्रपातळीत झालेली वाढ, पुराव्यासह.’ हा रकाना आमच्याकडे तीन आठवडे कोरा पडून होता. बाकी सगळं भरून झालं होतं. कुटुंबं, बाधित क्षेत्र, बचत गटाचा नोंदणी क्रमांक, बँकेचं खातं. इथे मात्र पेन अडलं. गावातल्या नानांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, “वहिनी, दर्या कधी पावती देतो काय आपल्याला?”

मी गावातल्या महिला बचत गटाची सचिव. सचिव म्हणजे जिचं अक्षर बरं आणि जिला तालुक्याला जायला घरातून कोणी फारसं अडवत नाही ती. २०१९ ते २०२४ या वर्षांत बांध, तिवर (खारफुटीची झाडं) आणि चिंबोऱ्या (खेकडे) यांच्यापायी मी किती झेरॉक्स काढल्या याचा हिशोब नाही. काही मिळालं, काही नाही. खाडीकाठच्या दुसऱ्या कुठल्या गावाला हेच करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून लिहिते आहे. कार्यालयांची नावं घालत नाही. तिथल्या माणसांच्या बदल्याही एव्हाना झाल्या.

आमचं गाव रायगडात, धरमतर खाडीच्या एका फाट्यावर. हा सगळा खारेपाट. बाहेरच्या माणसाला सांगायचं तर आमची भातशेती उधाणाच्या पाण्यापेक्षा खाली आहे, मधे मातीचा बांध आहे म्हणून ते शेत. बांधाला ठिकठिकाणी उघाड्या. उघाडी म्हणजे बांधातून आरपार काढलेली मोरी आणि तिच्या खाडीकडच्या तोंडावर वरून टांगलेली लाकडी झडप. भरती चढली की पाण्याच्या दाबाने झडप मिटते. ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी तिला आतून ढकलून बाहेर पडतं. वीज नको, मोटर नको. फक्त फटीत काटकी अडकली आहे का, चिंबोरीने कडेला बीळ केलं आहे का, हे कोणीतरी रोज जाऊन बघायचं. २०१९ च्या जुलैत चिपळूणकडचं तिवरे धरण फुटलं आणि आळ खेकड्यांवर गेला तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने चेष्टा केली. धरणाचं काय ते आम्हाला ठाऊक नाही. पण आमच्या गावात त्या बातमीवर कोणी हसलं नाही, कारण आमचा बांध निव्वळ चिखलाचा आहे आणि एका बिळातून झिरपायला लागलेलं पाणी दोन भरत्यांत काय करतं ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

पूर्वी हे बघणारा ठरलेला असायचा. खाजणाला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीला, बांध घालून शेत काढणाऱ्याला त्या जमिनीवर शिलोत्री नावाचा हक्क मिळे आणि बांध राखायचं कामही त्याच्याच गळ्यात असे. पुढे कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक झाला. ते चांगलंच झालं, आमचे आजेसासरेही त्यातच मालक झाले. पण शेताचे मालक शंभर झाले आणि बांधाचा एकही उरला नाही. बरीच वर्षं गावकीवर निभावलं. शिमगा झाला की घरटी एक माणूस बांधावर, हातोहात चिखलाची ढेकळं. मग पोरं कंपन्यांत लागली, काही मुंबईला गेली, भाताला भाव राहिला नाही. ज्याच्या घरात कोणी नांगर धरत नाही त्याला ‘बांधावर ये’ म्हणायचं कोणी? आमच्या घरातूनही शेवटची दोन वर्षं कोणी गेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

२०१९ च्या दिव्यांच्या अवसेनंतरचं उधाण. सासूबाई तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्या दिवशी तृतीया होती, म्हणजे सव्वादोन. सकाळपासून पाऊस असा कोसळत होता की शेतात गुडघाभर पाणी, आणि भरती चढायला लागल्यावर उघाडी मिटली. आतून पाणी, बाहेरून पाणी, मधे चिखल. सव्वादोन वाजायच्या आधीच खांड गेली, म्हणजे बांधाला भगदाड पडलं. सुरुवातीला खाटेएवढी होती. काळोख पडेपर्यंत तिच्यातून ट्रक गेला असता. लावणी होऊन तीन आठवडे झाले होते. दुसऱ्या दिवशी ओहोटीला रोपं उभीच दिसत होती, हिरवी. मेली ती नंतर, शेंड्याकडून पिवळी पडत.

पहिला अर्ज सप्टेंबरात. आम्हाला वाटलं होतं सोपं आहे : बांध फुटला, दुरुस्त करून द्या. पाच महिन्यांनी उत्तर आलं की सदर बंधारा खाजगी योजनेत मोडतो. महाराष्ट्रात खारभूमी विकासाचा कायदा १९७९ चा आहे. ज्या योजना सरकारने आपल्या म्हणून घेतल्या त्यांची देखभाल सरकार करतं, बाकीच्या खाजगी, म्हणजे ज्यांच्या जमिनी त्यांनी बघायचं. आमचा बांध यादीत का नव्हता ते कोणालाच सांगता येईना. आता घालून घ्या म्हटलं तर खर्च आणि लाभ यांचा हिशोब. आमच्या अंदाजपत्रकात लाभ म्हणून फक्त भात धरलं होतं, एकरी इतकं पोतं. बांधामागे ११० घरं आहेत, शाळा आहे आणि खांड गेल्यापासून मचूळ झालेली विहीर आहे, याला त्या तक्त्यात जागाच नव्हती. भाताच्या जोरावर तो बांध कधीच परवडला नसता. कोणी अर्ज करणार असेल तर माझं पहिलं सांगणं हेच : लाभाच्या तक्त्यात घरं आणि पिण्याचं पाणी घाला, रकाना नसला तर वेगळा कागद जोडा.

मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. अर्ध्या गावाचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे, त्यात टाळेबंदी. बांधाचं नाव काढायची सोय नव्हती. खांड आपली रुंदावत होती.

त्याच काळात शेतात तिवर आलं. कोणी लावलं नाही. भरतीबरोबर फुगलेल्या वालासारखी बी तरंगत येते आणि चिखलात टेकली की रुजते. पहिल्या वर्षी बोटभर, दुसऱ्या वर्षी गुडघ्याला, २०२२ पर्यंत खालच्या अंगाला कमरेएवढं रान झालं. बगळे आले, निवट्या आल्या. दिसायला सुंदर, खोटं कशाला बोलू. पण मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१८ चा निकाल आहे : जमीन कोणाचीही असो, कांदळवन तोडायचं नाही, त्याच्या भोवतीचे ५० मीटरही राखायचे, लोकहिताचं काम असलं तरी आधी न्यायालयाची परवानगी. म्हणजे खांड बुजवायला जेसीबी न्यायचा तर वाटेत आमच्याच शेतात उगवलेलं तिवर. सातबाऱ्यावर भात, डोळ्यांसमोर जंगल.

२०२१ च्या ऑगस्टपासून ई-पीक पाहणी आली. मोबाईलवर गट नंबर टाकायचा, शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. आमचे अठरा गुंठे अगदी खालच्या अंगाला. मी चिखलात उभी राहून यादीत तिवर शोधलं. सापडलं नाही. उरले दोन पर्याय : ‘चालू पड’ आणि ‘कायम पड’. चालू पड म्हणजे या हंगामात पेरलं नाही. मी चालू पड दाबलं. २०२२ ला तेच, २०२३ ला तेच.

मधल्या काळात मी रात्री मोबाईलवर शोधायला बसायची. पैसा नाही असं नाही, हे तेव्हा कळलं. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी धूप रोखायला १,५०० कोटी रुपयांची शिफारस केलेली, आणि धुपीने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाला १,००० कोटींची वेगळी. दुसरा आकडा वाचून मी फोन उलटा ठेवला. म्हणजे कोणीतरी कुठेतरी बसून आमच्यासारख्यांना उठवण्याचाही हिशोब करून ठेवला होता. हरित हवामान निधी या आंतरराष्ट्रीय निधीचा तर आणखी मोठा प्रकल्प निघाला. आंध्र प्रदेश, महाराष्ट्र आणि ओडिशा या तीन राज्यांच्या किनाऱ्यावरच्या लोकांसाठी ४ कोटी ३४ लाख डॉलर, ऑक्टोबर २०१८ ला मंजूर. तेव्हा आमचा बांध अजून शाबूत होता.

या सगळ्या वाचनातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. असल्या निधीत गाव ‘लाभार्थी’ असतं, ‘अर्जदार’ नसतं. अर्ज राज्य करतं, खातं करतं, मान्यता मिळालेली संस्था करते. गावाने कितीही सुंदर अर्ज लिहिला तरी तो टाकायला पेटीच नाही. आपल्या हातात एवढंच की जो अर्ज करणार आहे त्याच्या यादीत आपलं गाव जावं, आणि तो विचारेल त्या दिवशी कागद तयार असावेत. हे समजायला मला दोन वर्षं लागली, आणि त्या दोन वर्षांत मी जिथे तिथे “आम्हाला निधी द्या” असं लिहीत राहिले.

यादीत जायची वेळ २०२३ च्या सुरुवातीला आली. किनाऱ्यावरच्या गावांकडून प्रस्ताव मागवत होते. अर्जाचा नमुना मिळाला तो, ज्यात सुरुवातीला सांगितलेला समुद्रपातळीचा रकाना होता.

मदतीला एका संस्थेतली इंजिनिअर मुलगी आली. पंचवीस-सव्वीसची, गमबूट घालून. तिने आधी जगाचा आकडा सांगितला : २००६ ते २०१८ या काळात समुद्र वर्षाला सरासरी ३.७ मिलिमीटरने चढला. नानांनी मनात गुणाकार केला. “म्हंजे दहा वर्साला दोन बोटं.” ती म्हणाली, बरोबर, पण ही जगाची सरासरी, आणि आपल्या फाट्यावर भरतीमापक नाही. इथला पुरावा इथेच शोधायला लागेल.

मग आम्ही चार दिवस गावात पाण्याच्या खुणा शोधत फिरलो. प्रत्येकाकडे एक खूण होती. मारुतीच्या देवळाची दुसरी पायरी, कोणाच्या पडवीचा उंबरा. साल विचारलं की उत्तर यायचं, “जांभूळपाडा वाहून गेलं त्या वर्साला.” म्हणजे १९८९, अंबा नदीच्या पुराचं साल. ती नदी याच खाडीला मिळते. किंवा “सव्वीस जुलैला”, म्हणजे २००५. मी सगळं वहीत उतरवून घेतलं, आणि मुलीने निम्म्यावर काट मारली. “ताई, हे पुराचं पाणी आहे. पूर वेगळा, समुद्र वेगळा. मला पाऊस नसतानाचं उधाण हवंय.”

ते नानांनी दाखवलं. जुन्या उघाडीला दोन्ही बाजूंना घडीव दगडांचे खांब आहेत. पाणी रोज जिथवर चढतं तिथवर दगडाला कालवं, म्हणजे शिंपले, चिकटतात, त्याच्या वर दगड मोकळा. नाना लहान असताना त्यांच्या आजाने कालवं फोडायला तिथे बसवलेलं. सगळ्यात वरचं कालव तिसऱ्या दगडाच्या सांध्याला होतं, त्याच सांध्यात कोयता अडकून मोडला म्हणून त्यांना पक्कं आठवतं. आता कालवं चौथ्या दगडाच्या अर्ध्यावर. नानांनी सांध्यावर अंगठा टेकवला, वर करंगळी ताणली. बरोबर एक वीत.

आम्हाला वाटलं, मिळाला पुरावा. मुलगी खांबाच्या बुडाशी वाकून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “खांबही खचलाय, काका. चिखलावर उभा आहे ना. या वितीमध्ये समुद्र किती चढला आणि खांब किती उतरला, ते मला सांगता येणार नाही.”

हाच प्रश्न पुढे प्रत्येक टेबलावर आला, वेगवेगळ्या शब्दांत. तुमचं नुकसान हवामान बदलाने झालं की बांधाकडे दुर्लक्ष केल्याने? निधी पहिल्यासाठी आहे, दुसऱ्यासाठी नाही. कागदावर हा प्रश्न रास्त वाटतो. बांधावर उभं राहिलं की त्याला अर्थ राहत नाही, कारण बांध तेवढाच खचत होता तोवर गावकीने दरवर्षी त्यावर चार ढेकळं टाकून भागत होतं, आणि समुद्र तेवढाच चढत होता तोवर खचलेला बांधही निभत होता. दोन्ही एकदम झालं. कोणी तरी सुचवलं, सगळी वीत समुद्राच्या नावावर टाका, कोण मोजायला येतंय. माझंही मन झालं होतं. शेवटी लिहिलं ते असं : ‘जुन्या उघाडीच्या खांबावर कालवांची रेषा सुमारे एक वीत वर सरकलेली. यात खांब खचल्याचाही भाग आहे. गावाने २०१७ नंतर बांधाची सामूहिक दुरुस्ती केलेली नाही.’ सोबत पट्टी धरून काढलेला फोटो. पुढे पाहणीला आलेल्या साहेबांनी पूर्ण प्रस्तावातला तेवढाच उतारा मोठ्याने वाचला आणि पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढून बसले.

त्यांनी सांगितलं ते आम्हाला ऐकायचं नव्हतं. मूळ बांध होता तिथे परत होणार नाही. खालच्या अंगाचं तिवर आता तिथेच राहणार. बांध घालायचा तर आत, जुन्या गाडीवाटेवरून, घरं आणि वरची शेती राखण्यापुरता. बाहेरची जमीन खाडीला सोडायची, आणि तिवर राखून जे उत्पन्न निघेल ते काढायचं. “हे मान्य असेल तर ग्रामसभेचा ठराव आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक खातेदाराचं संमतीपत्र आणा. तोवर फाईल हलणार नाही.”

शाळेच्या वर्गात भिंतीला गटांचा नकाशा लावला. मुलीने गाडीवाटेवरून निळी रेघ ओढली. रेघेबाहेर एकतीस खातेदार. मग कोणीतरी ५० मीटरची आठवण करून दिली, कारण बांधाचं मातीकाम तिवरापासून तेवढं लांब हवं. रेघ आणखी आत सरकली आणि आणखी आठ जण बाहेर गेले. त्या आठांतले एक आप्पा, त्यांच्या शेतात २०२२ पर्यंत भात पिकत होतं. ते उठले, नकाशाजवळ गेले, आपल्या गटावर बोट ठेवून उभे राहिले आणि काहीच बोलले नाहीत. बोलले बाकीचे.

“वहिनीने सोताची दिली म्हून आमी पन देवाची काय?”

“चिंबोऱ्यांचा पैसा तुमच्या गटाला, जमीन आमची.”

“उद्या कंपनी आली तर कायम पडीला भाव काय देल?”

शेवटचा प्रश्न खरा होता. खारेपाटात निम्मी जमीन भातासाठी नाही, कंपनी येईल या आशेवर धरलेली आहे. मुंबईला असलेल्या चौघांनी फोनवरच नाही म्हटलं. एकाने मला विचारलं की खाडी जमीन घेते तर खाडीने मोबदला द्यायला नको का. मी म्हटलं, भाऊ, आठ वर्षांत तुम्ही शेतावर किती वेळा आलात? हे बोलायला नको होतं. त्यांचं संमतीपत्र मिळायला त्यानंतर तीन महिने लागले.

तोडगा निघाला तो सरकारी नव्हता. आत राहिलेल्या खातेदारांनी बाहेर गेलेल्यांना वरची जमीन खंड न घेता कसायला द्यायची, आणि चिंबोरी पालनाच्या गटात बाहेर गेलेल्या घरांच्या बायकांना आधी घ्यायचं. लेखी नाही, देवळात नारळ ठेवून. आप्पांना नानांनी आपलं वरचं शेत दिलं.

आमचे अठरा गुंठे सासूबाईंच्या नावावर. सही करायला त्यांना तालुक्याला नेलं. त्यांनी बाकावर बसून तिथल्या भाऊसाहेबांना विचारलं, “ही जमीन मंग परत मागता येल काय?”

“मालकी तुमचीच राहते, आजी. फक्त कसता येणार नाही. बांध घालता येणार नाही, झाड तोडता येणार नाही.”

“मंग मालकी कसली ती?”

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदावर पाहिलं. सासूबाईंनी पदराने बोटं पुसली, पेन घेतलं आणि साक्षरता वर्गात शिकलेली सही सावकाश, एकेक अक्षर सोडवत केली. येताना एसटीत त्या झोपल्या.

चिंबोऱ्यांचं त्या मानाने लवकर झालं. कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना २०१७ पासूनची आहे. गावाची सहव्यवस्थापन समिती करायची, गट नोंदवायचा. गटाच्या प्रकल्पाला ९० टक्के अनुदान, १० टक्के आपले. आमचे १० टक्के गटाच्या अंतर्गत बचतीतून काढले, आणि त्या वर्षी लग्नसराईत कोणालाही कर्ज देता आलं नाही यावरून दोन महिने रुसवे चालले. प्रशिक्षण झालं, तिवरात बांबू रोवून जाळीचं कुंपण उभं राहिलं, चिंबोऱ्यांची पिल्लं आली. नखाएवढी, डब्यात ओला भुसा घालून.

पहिली खेप आम्ही आमच्या हाताने घालवली. जाळी चिखलात हातभर पुरा असं तीनतीनदा सांगितलेलं. तो चिखल मांडीपर्यंत, दुपारचं ऊन, ओहोटीचे मोजके तास. शेवटच्या वीस-पंचवीस फुटांत आम्ही वीतभरच पुरली. चिंबोरीला तेवढी वाट पुष्कळ. शिवाय कात टाकताना ती मऊ पडते आणि बाकीच्या तिला खातात. लपायला कौलं टाका असं सांगितलेलं, आम्ही टाकली, पण मोजून. सहा महिन्यांनी काढायला गेलो तेव्हा टोपलीच्या तळाला निघाल्या. ज्या चिंबोरीने बांध पोखरला म्हणून सगळं गाव तिला शिव्या घालायचं, तिने आता आमची जाळीही पोखरली, आणि या वेळी नुकसान तीच निघून जाण्याचं होतं. निसर्ग वादळात फुटलेली घरोघरची कौलं पडलीच होती, दुसऱ्या खेपेला ती सगळी टाकली. जाळी कोपरापर्यंत हात घालून पुरली. या वेळी बऱ्या निघाल्या. व्यापारी पुनवेला आला तर पोकळ म्हणून भाव पाडतो, म्हणून आम्ही अवसेच्या आसपासच काढतो. लाखेची, म्हणजे अंड्यांनी भरलेली, मादी असली की एकेक करून सुतळीने बांधायची, नांगी आधी. माझ्या डाव्या अंगठ्यावर खूण आहे.

बांधाचं काम मात्र अजून संपलेलं नाही. मोठ्या निधीच्या यादीत आमचं गाव ‘विचाराधीन’ आहे, ते तसंच असू दे. मातीकाम रोजगार हमीतून झालं, तेही एक बांध म्हणून नाही. आतल्या त्रेचाळीस खातेदारांच्या शेतातली त्रेचाळीस बांधबंदिस्तीची कामं म्हणून. त्रेचाळीस सातबारे, त्रेचाळीस अर्ज, आणि जमिनीवर सलग एकच बांध. २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत मजुरी होती दिवसाला २९७ रुपये. आमच्याकडे साध्या मजुरीलाही त्याहून जास्त मिळतात, तेव्हा त्या पैशासाठी कोणी आलं नाही. आले ते घरटी एक माणूस असे, पूर्वीसारखे. चौघांपैकी दोन मुंबईवाले सुट्टी काढून आले. बांध जुन्यापेक्षा दोन हात उंच घातला. मुलीने सांगितलं होतं, चिखल पहिल्या दोन पावसांत बसतो आणि समुद्र थांबणार नाही, दोन्हींचं धरून ठेवा.

उघाडीला सिमेंटचा नळ आणि लोखंडी झडप हवी. ते सामानात येतं, आणि रोजगार हमीत सामानाचा वाटा ४० टक्क्यांपुरता. वेगळा प्रस्ताव दिला आहे. तोवर मोरीला फणसाची फळी आहे, वरून दोरीने टांगलेली. ओली झाली की फुगते आणि खाचेत बसत नाही, म्हणून उधाणाच्या आधी कोणीतरी जाऊन तिची कड तासायची. पाळी लावलेली आहे. वहीत नावं आहेत आणि नावापुढे तिथी.

२०२४ चा खरीप. ई-पीक पाहणीची मुदत संपत आली तेव्हा मी ओहोटी बघून खाली गेले. पूर्वी आमच्या शेताच्या कोपऱ्यावर हद्दीचा दगड होता, त्याच्या अंदाजाने उभी राहिले. तिवर माझ्या डोक्यावर गेलेलं. गट नंबर टाकला, क्षेत्र आलं : अठरा गुंठे. खाली तेच दोन पर्याय. ‘कायम पड’ दाबलं. फोटो काढला, त्यात तिवर आले आणि मागे आमच्या जाळीचे दोन बांबू. नेटवर्क नव्हतं, म्हणून बांधावर परत येऊन पाठवला.